टकटककाकांचा हात

लग्नसराई संपली की आमच्या घरी भाजी बंद व्हायची. बाबा नागपुरात वरातीच्या बँडमध्ये ताशा वाजवायचे आणि मुहूर्त नसले की बँडला काम नसायचं. मग आई आणखी दोन घरची भांडी धरायची आणि आम्ही भावंडं भाकरीबरोबर ठेचा खायचो. ताशा खुंटीला टांगलेला असायचा, पण त्याला हात लावला की बाबा ओरडायचे, "ते माझ्यापाशीच संपू दे. तू पुस्तक घे." मी पुस्तक घेतलं. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. हे मी कोणी न विचारताही सांगतो; त्यात लपवायचं काय? म्हणूनच इथे मिशिगनमध्ये, ट्रॉयच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये, खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या इंग्रजानं "मी ड्रमर" अशी स्वतःची ओळख करून दिली तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला, याचं पोट कसं भरलं असेल?

ओळख झाली तीही ठेच्यामुळेच. रविवारी सकाळी वैशाली, म्हणजे माझी बायको, खलबत्त्यात मिरच्या कुटत होती. इथली घरं लाकडाची, आवाज थेट खाली जातो. खालून टक टक टक सुरू झालं. वैशाली थांबली. "गेलं! आता कंप्लेंट करणार तो," ती म्हणाली आणि ताटलीत गरम थालीपीठ घेऊन माफी मागायला खाली गेली. दार उघडून काका तिच्यावरच वैतागले, "थांबलीस कशाला? आत्ता कुठे जमत होतं!" ते छताला झाडूच्या दांड्यानं साथ करत होते. त्या दिवसापासून आमची मुलगी मित्रा हिनं त्यांचं नाव टकटककाका ठेवलं. त्यांना ते फार आवडलं. "आयुष्यभर बँडवाल्यांनी मला बरीच नावं ठेवली," ते म्हणायचे, "त्यातलं घरात सांगण्यासारखं हे पहिलंच."

पंचाहत्तरी उलटलेला हा माणूस एका जागी टिकत नसे. चहा उभ्यानं प्यायचे, तोही खिडकीपासून फ्रिजपर्यंत येरझारा घालत. बोटं सतत चालू. टेबल, गुडघा, गाडीचा डॅशबोर्ड, काहीही चालायचं. वैशाली म्हणायची, "काका, बसा हो, मला गरगरतं." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "मी बसलो की मला गरगरतं."

आमच्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो आहे. पहिल्यांदा आले तेव्हा त्यासमोर उभे राहून त्यांनी विचारलं, "सूट झकास आहे. वकील का?" मी म्हटलं, "वकीलही होते. यांच्यामुळे मी शिकलो." पुढे येताना-जाताना ते फोटोला मान लववायचे. मी नोकरीत काय करतो हेही त्यांनी विचारलं. मी सांगितलं, गाडीत कुठून आवाज येतो ते शोधून बंद करतो. ते पोट धरून हसले. "म्हणजे तू आवाज बंद करायचे पैसे घेतोस! सिड, मी जन्मभर आवाज केला, मला कोणी धड दिले नाहीत." सिद्धार्थचं सिड त्यांनी पहिल्याच दिवशी करून टाकलं होतं.

त्यांची हकिगत तुकड्यातुकड्यानं कळली, कारण एक गोष्ट पुरी करायच्या आधी ते उठायचे. इंग्लंडच्या उत्तरेकडचं गिरणगाव, वडील सूतगिरणीत, घरात खाणारी तोंडं पुष्कळ. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. नंतर लंडन आणि सायकेडेलिक रॉकचा बँड. एकेक गाणं अर्ध्या तासाचं, भिंतीवर रंगीत तेलाचे हलते उजेड, श्रोते जमिनीवर आडवे. "लोक तरंगायला यायचे," काका म्हणायचे, "आणि मी त्यांना पळवायचो." वाजवताना त्यांची लय चढत जायची. तीच त्यांची खोड. अमेरिकेच्या दौऱ्यात डेट्रॉइटच्या हॉटेलात बँड भांडून फुटला. बाकीचे विमानानं परत गेले, हे राहिले. मग बार, क्रूझ, चर्च, लग्नं. कुठून काढलं, कुठून स्वतःच निघाले. दोन संसारही असेच झाले.

एकदा आमच्या मुलीनं त्यांच्या त्या जुन्या बँडचं रेकॉर्ड इंटरनेटवर शोधून काढलं. काका चहाला आल्यावर आम्ही ते मोठ्यानं लावलं. मी भारावून म्हटलं, "काका, काय भारी ड्रम वाजवलेत तुम्ही! घड्याळासारखे!" कप ओट्यावर ठेवून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले. म्हणाले, "ते मी वाजवलेलं नाही. माझी लय चढते म्हणून निर्मात्यानं मला न सांगता दुसरा माणूस आणला. कव्हरवर माझं नाव, फोटो माझा. घरी आईला ऐकवायला रेकॉर्ड लावलं, तेव्हा मला कळलं की हा हात माझा नाही." मग जिना उतरता उतरता, "आई म्हणाली, छान वाजवलंस. मी हो म्हणालो."

पुढच्या हिवाळ्यात डेट्रॉइटच्या तीन तरुण वादकांनी त्यांना गाठलं. जुन्या संगीताचं वेड असलेली मुलं. त्यांना तेच अर्ध्या तासाचं गाणं काकांबरोबर नव्यानं रेकॉर्ड करायचं होतं. आणि नेमकं तेव्हाच काकांचं उजवं मनगट गेलं होतं. डॉक्टरनं सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल आणि त्यानंतर ड्रमची काठी धरता येईल असं समजू नका. काकांनी ऑपरेशन पुढे ढकललं. वैशाली चिडली, "काका, वेडे आहात का? हात जाईल!" ते म्हणाले, "जाईल तर जाईल. आधी एकदा तो रेकॉर्डवर येऊ दे."

मनगटाला पट्टा असल्यानं गाडी मी चालवली. स्टुडिओ म्हणजे जुनं गोदाम. आजकालची रीत अशी की, प्रत्येकाच्या कानात मशीनची टिकटिक सोडतात आणि सगळ्यांनी तिच्याबरोबर वाजवायचं. काका चारच मिनिटांत टिकटिकीच्या पुढे गेले. पुन्हा केलं, पुन्हा पुढे. तिसऱ्यांदा त्यांनी हेडफोन काढून फेकला. ध्वनिमुद्रण करणारा पोरगा चांगला होता, समजुतीनं म्हणाला, "काही हरकत नाही सर, आम्ही नंतर कॉम्प्युटरवर सरळ करून घेऊ."

"म्हणजे पुन्हा मी नाहीच," काका म्हणाले आणि कोट न घालता बाहेर गेले.

बर्फात, गाड्यांच्या मधून ते चकरा मारत होते. मी त्यांचा कोट घेऊन मागे धावलो. चालता चालता त्यांना बाबांचं सांगितलं. वरात निघाली की बाबांचीही लय चढायची. नाचणारे तापले की चढायलाच हवी. पण बँड कधी फुटला नाही, कारण क्लॅरिनेटपासून झांजेपर्यंत सगळ्यांचे डोळे बाबांच्या खांद्यावर असायचे. खांदा हलला की सगळे हलले. "तुमच्या मुलांना तुमचा खांदा दिसतो का?" मी विचारलं.

काकांनी पहिल्यांदा चकरा थांबवल्या. "नाही," ते म्हणाले. "काचेच्या आडोशामागे, त्यांच्या पाठीशी बसवलंय मला."

आत जाऊन मीच त्या पोराला म्हटलं, "मशीन बंद कर, काच काढ, खुर्च्या त्यांच्याकडे तोंड करून लाव." तो म्हणाला, "मग एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरेल." म्हटलं, "शिरू दे. माझं पोट आवाज बंद करण्यावर चालतं, मी सांगतोय ना!" तिघे काकांभोवती बसले. काकांनी मनगटाचा पट्टा सोडला. सुरुवात संथ झाली, मग लय चढली, आणि ती मुलं त्यांच्या खांद्याकडे बघत त्यांच्याबरोबर चढली. मधेच काकांचा चेहरा दुखण्यानं वाकडा झाला. मला वाटलं, आता सोडणार. सोडलं नाही. गाणं संपल्यावर काठी त्यांच्या हातातून काढून घ्यावी लागली, बोटं उघडत नव्हती.

ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाला होता तसंच झालं. थंडी सोसेना म्हणून काका ॲरिझोनात, चँडलरला, मुलीकडे राहायला गेले. निघताना वैशालीनं डबा दिला तो डाव्या हातानं घेतला. फोनवर मात्र बोलायचे, कुठे न कुठे चालतच, धाप लागलेली कळायची. पुढच्याच वर्षी ते गेले. मुलीनं फोन करून सांगितलं, आणि हेही सांगितलं की रेकॉर्ड त्यांच्यापर्यंत वेळेत पोचलं होतं.

ते रेकॉर्ड आमच्या घरी आहे. लय चढते, ऐकणाऱ्याला कळते, कोणी ती सरळ केलेली नाही. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत त्यावरचे ड्रम त्यांनी स्वतः वाजवले आहेत.