पाच इंचांची दुरुस्ती

चहा घ्या आधी. साखर कमी असेल तर सांगू नका, कारण चहा मी स्वतः केला आहे आणि टीका सोसायचं माझं वय गेलं. घर कसं झालं म्हणून विचारता ना? झकास झालं! फक्त बांधताना मी एक अशी माती खाल्ली, की तशी अख्ख्या वऱ्हाडात कोणी खाल्ली नसेल. ऐका आणि हसा खुशाल. मलाही कधी कधी हसू येतं.

चौतीस वर्षं मी अकोल्यात सरकारी कारकुनी केली. कारकुनी म्हणजे काय? दुसऱ्याच्या कागदातली चूक शोधायची, लाल पेननं काट मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि खाली सही ठोकायची. साहेब लोक आले आणि बदलून गेले, माझी लाल शाई तिथंच राहिली. लग्नाची पत्रिका आली तरी माझा हात खिशातल्या पेनाकडे जायचा. बायको म्हणायची, "अवो, पेन ठेवा खाली. त्याईनं जेवायले बोलावलं आहे, तपासाले नाही!"

बायको म्हणजे सुमन. उंची चार फूट आठ इंच. मी पाच फूट अकरा. आमच्या लग्नाचा फोटो पाहून लोक म्हणतात, वहिनी बसल्या आहेत आणि तुम्ही उभे. अहो, दोघंही उभे आहोत!

संसार सगळा भाड्याच्या घरांत झाला. प्रत्येक घरातला स्वयंपाकाचा ओटा तिला उंच. म्हणून परतवाड्याहून, तिच्या माहेराहून आलेला एक सागवानी पाट ओट्याखाली कायम असायचा. त्यावर चढायचं, पोळ्या लाटायच्या, उतरायचं, मीठ आणायचं, परत चढायचं. घर बदललं की टेम्पोत आधी पाट चढायचा, मग देव.

निवृत्तीनंतर अमरावतीच्या प्लॉटवर घर बांधायचं ठरलं. नकाशाचं काम दिलं प्राजक्ताला. माझ्या ऑफिसातल्या मित्राची ही मुलगी, अकोल्यातच आर्किटेक्ट आहे. ती घरी आली. "काका, घर कसं हवं?" असं तिनं विचारलं आणि मी पाऊण तास बोललो. मग मी प्लॉटच्या कागदांची झेरॉक्स काढायला गेलो. तीन प्रती. एका प्रतीवर माझा कधीच विश्वास नव्हता.

परत आलो तर काय पाहतो? सुमन भिंतीला पाठ लावून, हात कोपरात वाकवून, हवेत कणीक मळत उभी! आणि प्राजक्ता गुडघ्यावर बसून टेपनं माप घेते आहे. दोघी खिदळताहेत.

"काय चाललंय?"

"काही नाही जी. बायाईचं काम आहे," सुमन म्हणाली.

मला वाटलं, ब्लाउजचं माप. आता सांगा, नकाशे काढणारी मुलगी ब्लाउजचं माप कशाला घेईल? पण हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. प्रश्न पडायला कागद समोर लागतो.

महिन्याभरात नकाशे आले आणि कागद समोर आला. मी रात्रंदिवस तपासले. चूक सापडेना! जीव कासावीस झाला. शेवटी सापडली. स्वयंपाकघराच्या पानावर, ओट्याची उंची अठ्ठावीस इंच. मी टेप घेऊन शेजारची चार घरं मोजून आलो. सगळीकडे तेहतीस. म्हटलं, आजकालची पोरं! काढला लाल पेन. अठ्ठावीसवर काट, वर तेहतीस, खाली सही.

देवराव मिस्त्री जुना माणूस. कागद लांब धरून पाहत राहिला.

"साहेब, मॅडमले एक फोन लावू का? अठ्ठावीस लिहिलं तं काही सोचूनच लिहिलं असन."

"देवराव, सही कोणाची आहे?"

"तुमची."

"मग?"

"मंग तेहतीस," देवराव म्हणाला आणि बिडी कानामागून काढली.

ओटा पाच इंच वर गेला. झालं! नळवाला आला, "साहेब, नळ वर घ्या लागते." घ्या. सही. वायरमन आला, "बटनं वर?" घ्या. सही. सुतार म्हणाला, "मंग कपाटंही वरच घ्या लागन." घ्या बाबा. सही. बघता बघता अख्खं स्वयंपाकघर पाच इंच स्वर्गाकडे सरकलं. प्राजक्तानं अकोल्याहून फोन केला, "काका, सगळं नकाशाप्रमाणे ना?" मी छाती काढून म्हटलं, "तंतोतंत!"

सुमन तिकडे अकोल्यात. तिला धुळीचा दमा होता, म्हणून बांधकामावर मी येऊ देत नव्हतो. ती सामान बांधत होती. शेवटच्या दिवशी टेम्पोत सगळं चढलं, पाट दिसेना.

"पाट कुठं आहे?"

"देऊन टाकला धुणंवालीले. आता कायले पाह्यजे?" आणि अशी हसली की मला वाटलं, नव्या घराचा आनंद आहे.

वास्तूच्या दिवशी पाहुण्यांनी घर भरलं. नवी शेगडी, नवं पातेलं, दूध उतू घालवायचं. सुमन नव्या लुगड्यात स्वयंपाकघरात शिरली आणि थांबली. ओटा तिच्या पार कोपराशी आला होता. तिनं काळ्या ग्रॅनाइटवर हात ठेवला.

प्राजक्ता मागून आली. "देवराव, हे काय? अठ्ठावीस लिहिलं होतं मी! काकूंचं कोपर मोजून लिहिलं होतं!"

कोपर. हवेतली कणीक. माझ्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला. देवरावनं माझ्याकडे पाहिलं. लाल शाईचा कागद त्याच्या खिशात होता. त्याचा हात खिशापर्यंत गेला.

"मीच सांगतलं वं बाई, वाढवा म्हणून," सुमन म्हणाली.

"तुम्ही? पण का, काकू?"

"हे उंच आहेत नं. उद्या चहा-बिहा करतीन, तं वाकून वाकून कंबर दुखन त्याईची."

सगळं स्वयंपाकघर खो खो हसलं. मी आणि चहा! माझी बहीण तर पदर तोंडाला लावून बाहेर गेली. देवराव अंगणातून दोन विटा घेऊन आला. सुमन विटांवर चढली, दूध उतू गेलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पाहुणे गेल्यावर म्हटलं, "उद्याच तोडतो."

"नव्या घरात घन मारता का? दिवाळीनंतर पाहू."

मी डायरीत लिहिलं, 'ओटा, दिवाळीनंतर'. आणि डायरीत लिहिलं की काम झालं असं वाटणं हा आमच्या खात्याचा जुना रोग. दोन दिवाळ्या गेल्या. विटांना तिनं जुन्या साडीचं कापड शिवलं होतं, पायाला टोचू नयेत म्हणून. तिसऱ्या दिवाळीच्या आधी तिच्या छातीत दुखायला लागलं. पाच दिवस दवाखान्यात होती. विटा ओट्याखाली होत्या.

तेरवी झाली आणि मी देवरावला बोलावलं.

"ओटा अठ्ठावीसवर घ्या."

"आता, साहेब?" तो हळू म्हणाला. "कोणासाठी?"

"नकाशात आहे."

त्यानं खिशातून तोच कागद काढला. अजून ठेवला होता त्यानं. मी तेहतीसवर काट मारली, वर अठ्ठावीस लिहिलं, सही केली. देवराव घण आणायला गेला. ऑफिसात अशी प्रकरणं मी पुष्कळ पाहिली. मंजुरी निघायची आणि अर्जदार गेलेला असायचा. आम्ही 'अर्जदार मयत' असं लिहून फाईलला नाडी बांधायचो आणि चहाला जायचो.

तर हा चहा त्याच ओट्यावरचा. पाच फूट अकरा इंचांचा माणूस अठ्ठावीस इंचांवर वाकून करतो. सुमन म्हणाली होती तशीच कंबर दुखते, अगदी तंतोतंत. ओट्याच्या खिडकीसमोरच्या घरातल्या वहिनी परवा माझ्या बहिणीला सांगत होत्या, "भाऊ लय बदलले हो बाई! रोज सकाळी मान खाली घालून धा मिनिटं देवापुढं उभे राह्यतात."

देव दुसऱ्या खोलीत आहेत. पण मी वहिनींना तसं सांगितलं नाही. दुसऱ्याच्या चुका दुरुस्त करणं मी सोडून दिलं आहे.