खांबावरची मुलं

"मादा, मादा," असं म्हणून ते सुतार पटाशी खाली ठेवायचे, डोळे बारीक करून लाकडाकडे बघायचे आणि पुन्हा पटाशी उचलायचे. मराठी कानाला हा शब्द 'मादी'सारखा, भलताच ऐकू येतो. तुम्हीही हसला असता, मी तर पहिल्या दिवशी तोंड फिरवून हसलो. जपानीत त्याचा अर्थ एवढाच, अजून नाही.

भूकंपानंतरचा तो उन्हाळा. बायको आणि मुलगी पुण्याला गेल्या होत्या, मी बँकेच्या नोकरीसाठी टोकियोतल्या फुनाबोरीत एकटा राहिलो होतो. रविवार खायला उठायचा. असाच चालत एकदा सैनिकांच्या जुन्या दफनभूमीत शिरलो. मधोमध शंभरी ओलांडलेलं लाकडी प्रार्थनागृह, भूकंपाने एका अंगाला कललेलं. उतरवलेली कौलं जमिनीवर रचून ठेवलेली, प्रत्येकावर खडूने आकडा. तिथे सत्तरीकडे झुकलेले हे सुतार एकटेच काम करत होते. मी भारतातला हे ओळखून म्हणाले, "इंदो-सान, ही दोरी जरा धरता?"

धरली. मग दर रविवारी जायला लागलो.

एकदा मी डब्यात थालीपीठ नेलं. त्यांनी ते लाकूड पाहावं तसं उलटसुलट पाहिलं. "मधे भोक कशाला?"

"तेल खालपर्यंत पोचावं म्हणून."

"सुताराने केलेलं दिसतंय," ते म्हणाले आणि सगळं संपवलं.

इमारतीच्या एका खांबाचा पाय पार कुजला होता. देखभाल समितीचे अध्यक्ष येऊन म्हणाले, "हा खांब काढा, नवा बसवा. शरदात सैनिकांसाठी होणाऱ्या प्रार्थनेपर्यंत झालं नाही तर सगळं पाडून सिमेंटचं बांधू." सुतारांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि रंधा चालू ठेवला.

अध्यक्ष गेल्यावर मी विचारलं, "नवा का नाही बसवत?"

ते मला खांबाच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे चाकूने केलेल्या आडव्या खुणा होत्या, काही खाली, काही वर, आणि प्रत्येकीशेजारी एक नाव. "युद्धानंतर बायका दरवर्षी मुलांना घेऊन इथे यायच्या," ते म्हणाले. "पोर किती वाढलं ते बापाला कळायला नको? खांबाला उभं करून खूण करायच्या." माझ्या कमरेखाली येणाऱ्या एका खुणेवर त्यांनी बोट ठेवलं. "हा मी. वडील गेले तेव्हा जन्मलोही नव्हतो."

कुजलेला पाय तेवढा कापायचा आणि तेवढ्याच लांबीचा नवा जोडायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. "जरासं जरी कमी पडलं तर सगळी मुलं बुटकी होतील."

चार रविवार ते मापं घेत होते. अध्यक्ष आणखी दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा त्यांनाही तेच उत्तर, "मादा, मादा."

अखेर सांधा बसला. त्यांनी ओळंबा सोडला, जमिनीपासून स्वतःच्या खुणेपर्यंत टेप लावली. तीनदा लावली. मग खाली बसले आणि गळ्यातल्या टॉवेलने बराच वेळ तोंड पुसत राहिले.

उठले ते टोपी काढून खांबाला पाठ टेकून उभे राहिले. "इंदो-सान, एक खूण कराल?"

मी चाकू घेतला. त्यांच्या डोक्याला टेकवून रेघ ओढली. त्यांनी वळून पाहिलं. "पोराला एवढा वेळ लागला वाढायला, असं वडील म्हणतील," ते हसले. मग हळूच म्हणाले, "ते पंचविशीत गेले हो. आता मीच त्यांच्याहून म्हातारा."

प्रार्थना त्याच छपराखाली झाली. हिवाळ्यात ते आजारी पडले आणि दवाखान्यातच गेले. मला ते वसंतात दफनभूमीच्या माळ्याकडून कळलं.

पुढच्या शरदात, पुण्याहून परत आलेल्या मुलीला घेऊन प्रार्थनेला गेलो. आम्ही मागेच उभे होतो. काळ्या किमोनोतल्या एक बाई सरळ आमच्याकडे आल्या. सुतारांच्या पत्नी. "घरी म्हणायचे, रविवारी माझा मित्र येतो."

 मुलीने वाकून जपानीत उत्तर दिलं. बाईंनी तिचा हात धरला, आम्हाला पुढे नेलं आणि सैनिकांच्या घरच्या माणसांच्या रांगेत आपल्या शेजारी आमच्यासाठी जागा केली.