फादरीण

आमच्या आत्याला आमची सगळी ख्रिस्ती वस्ती ‘फादरीण’ म्हणून चिडवायची, आणि सगळ्यात मोठ्यानं हसायची ती माझी माय. आत्यानं पोरवयातच फादरला सांगितलं होतं, “देवानं मला मिस्सा करायला, वेदीवर फादरसारखी उपासना चालवायला बोलावलंय.” फादरनं तिच्या हातात झाडू दिला. म्हणे, चर्च झाडणं हीबी सेवाच. मेल्याला तेवढंच सुचलं! आत्यानं लग्न केलं न्हाई, पण सगळी मिस्सा लॅटिनसकट तोंडपाठ केली.

निजामाचं राज्य होतं. फादर औरंगाबादेहून जालन्यापर्यंत रेल्वेनं, पुढं बैलगाडीनं यायचा, तेबी जमलं तर. माझा बाप शेवटच्या दुखण्याला लागला तेव्हा कुंभार पिंपळगावाकडून आमच्या वस्तीला येणारी गाडीवाट चिखलानं बंद पडल्ती. बाप तळमळत म्हणाला, “आक्का, पापकबुली दिल्याबिगर जीव जाईना. तूच ऐक.” आत्या त्याच्या तोंडाशी कान नेऊन बसली. बाप शांतपणे गेला.

मंग उगवला फादर, माती झाल्यावर! मायनंच त्याच्याकडं चुगली केली. त्यानं रविवारी सगळ्यांदेखत आत्याला उभं केलं. “फादरनं ऐकलेली पापकबुली कुणाला सांगायची नसती, पण बाईनं ऐकलेली ती पापकबुलीच न्हाई. मंग लपवायचं काय? तो काय बोलला ते त्याच्या बायकोला सांग. तू स्वतःला फादर समजत न्हाईस, हे मला पटंल. तवर तुला प्रसाद न्हाई.”

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. आत्या म्हणाली, “मी बोलणार न्हाई.”

“माझ्या नवऱ्याचं माझ्यापासून लपवतीस, सटवे!” माय भर चर्चमध्ये किंचाळली.

तेव्हापासून दर मिस्सेला आत्या गुडघे टेकायची आणि फादर तिला सोडून पुढच्याच्या तोंडात प्रसाद घालायचा. वर्षानुवर्षं! मला त्याचा राग यायचा, मायचा त्याहून जास्त. खरं सांगते, आत्याचाबी यायचा. “खोटंनाटं सांग अन् मोकळी हो की,” मी एकदा खेकसले.

“मंग देवानं मला बोलावलं कशाला?” ती म्हणाली.

पुढं मायच अंथरुणाला खिळली. तिची शेवटची घटका आली त्या दिवशी मातर फादर वस्तीतच मुक्कामाला होता. लगोलग आला, पापकबुली ऐकायचा पट्टा गळ्यात घालून खाटेजवळ बसला. मायनं त्याच्याकडं बघितलं आणि नको म्हणून मान हलवली.

“ह्यांना बाहेर बसव,” ती मला म्हणाली. “वन्संला बोलव. त्या कुणाला सांगत न्हाईत.”