चौऱ्याहत्तर टक्के

आमच्या दोन्ही लिथियम बॅटऱ्या मी लोखंडी कपाटात ठेवल्या. उंदीर आणि धूळ यांच्यापासून त्यांना जपायचं होतं. बसवायला आलेल्या मिस्त्रीनं आधी कपाटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "सर, निदान दार उघडं राहू द्या. गरम होतेत." मी हो म्हणालो, आणि तो फाटकाबाहेर पडल्यावर दार लावून घेतलं. अठ्ठावीस वर्षं हायस्कूलात विज्ञान शिकवलेल्या माणसानं कुणाचं किती ऐकायचं, यालाही काही मर्यादा असते.

बॅटऱ्यांची गरज मला नव्हती, बायकोला होती. ती रेशमाचे किडे पाळते. घरामागं पत्र्याची शेड आहे, शेडमागं तुतीचा मळा. हे किडे शेवटच्या अवस्थेत आले की आठवडाभर नुसता पाला खातात, आणि त्या आठवड्यात शेड थंड राहिली नाही तर कोष विणण्याआधीच मरून पडतात. मागच्या उन्हाळ्यात नेमकं तेच झालं. लाईट गेली, पंखे थांबले, पाण्याचा बारीक फवारा उडवणारा फॉगर थांबला आणि अख्खी बॅच दोन दिवसांत संपली. छतावर सोलरच्या पाट्या होत्याच. त्यांना बॅटऱ्या जोडायचं तिनं ठरवलं. मला एवढंच सांगितलं, "ही बॅच बी गेली तर शेडला कुलूप. मंग पुन्हा माझ्याच्यानं होणार न्हाई." ती हे चिडून म्हणाली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं.

आमच्या भिंतीला भिंत लागून थोरल्या भावाचं घर. दादानं आठच दिवस आधी त्याच दुकानातून तशाच दोन बॅटऱ्या घेतल्या होत्या आणि त्या दोन घरांमधल्या सामाईक भिंतीवर, पलीकडच्या अंगाला टांगल्या होत्या. त्याच्याकडं डबी नव्हती. माझ्याकडं होती. डबी म्हणजे देखरेखीचं यंत्र: बॅटरीशी बिनवायरीचं बोलणार, घरच्या वायफायवरून माहिती वर पाठवणार, आणि बॅटरी किती भरली, किती वापर चालू आहे, हे मला मोबाईलवर दाखवणार. मिस्त्री म्हणाला होता, "परवा येऊन जोडून देतो." मी म्हणालो, "कशाला येतो? मी करतो." तो म्हणाला, "मंग बॅटरीवर नंबर छापेल आहे तो पाहा. मोबाईलच्या यादीत बराबर तोच नंबर निवडा."

सोपं होतं. फक्त एक अडचण होती. बॅटऱ्या आल्या त्या दिवशी मी त्यांची पूजा केली होती. बॅटरीचं खोकं काळं. काळ्यावर कुंकू उठेना. पांढरी जागा एकच दिसली, ती म्हणजे नंबरची चिठ्ठी. तिथं तेलात कालवलेल्या कुंकवानं मी दोन ठसठशीत स्वस्तिकं काढली. आता नंबर वाचायचा तर स्वस्तिक पुसावं लागणार, आणि ते मला बरं वाटेना.

तेव्हा मी विज्ञान वापरलं. डबी बैठकीतल्या फळीवर ठेवली होती, दादाच्या भिंतीला टेकून. मोबाईलवर चार नंबर आले. दोन नंबरांपुढं सिग्नलच्या रेघा भरगच्च, उरलेल्या दोहोंपुढं एकेकच. जवळची बॅटरी ती आपली, सिग्नल जोरात तो आपला, असा निष्कर्ष काढून मी वरचे दोन निवडले. कारखान्यातून आलेला पासवर्ड टाकला. लगेच जुळलं. चुकीची असती तर जुळली असती का, असं मी बायकोला विचारलंही. ती पाला तोडायला निघाली होती. "मला काय इचारता," म्हणाली.

पुढचे दहा दिवस मी फार सुखात होतो. सकाळी उठल्यावर टक्के, जेवताना टक्के. घनसावंगीहून येताना जीपमध्ये शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी मोबाईल दाखवला. "ही पाहा आमच्या घरची बॅटरी. आत्ता, या क्षणाला, एकसष्ट टक्के."

त्यांनी चष्मा सारखा करून नीट पाहिलं. "मंग आता काय करणार?"

"काही नाही. पाहून राह्यलो."

"बरं बरं," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

कुरकुर एकच होती. रोज चारच्या सुमाराला वापराचा आकडा एकदम वर उडायचा. मी शेडच्या दारात जाऊन विचारायचो, "चार वाजता काय लावतेस तू?"

"चहा."

"चहा गॅसवर होतो."

"मंग गॅसवरच लावते."

असं तीनचारदा झालं. मी तिच्यावर वीज लपवून वापरल्याचा संशय घेत होतो आणि त्याच वेळी भिंतीपलीकडून वहिनीच्या पिठाच्या गिरणीची घरघर ऐकत होतो. रोज चारला ती दळण काढते, हे मला माहीत होतं. उलट ती घरघर असली की माझं बोलणं बायकोला नीट ऐकू जात नाही, अशीही माझी तक्रार होती.

अकराव्या दिवशी सकाळी दहाला लाईट गेली. आभाळ आलं होतं. पाऊस नाही, नुसता कोंदट उकाडा, आणि पाट्यांवर ऊन पडेना. किडे शेवटच्या अवस्थेत, बोटाएवढे झालेले. शेडमध्ये चारही पंखे आणि फॉगर बॅटरीवर चालू होते. दुपारी बायको येऊन म्हणाली, "बॅटरी पुरंल ना संध्याकाळपोहोत?"

मी मोबाईल पुढं केला. "चौऱ्याहत्तर टक्के. काळजीच करू नको." आणि एवढी वीज शिल्लक आहे म्हटल्यावर बैठकीतला कूलर लावून मी आडवा झालो.

साडेपाचला इन्व्हर्टर टुकटुक वाजायला लागला. ती शेडमधून ओरडली, "अहो, ते वाजू राह्यलंय!"

"वाजू दे. मोबाईलवर चौऱ्याहत्तरच आहे."

"मशीन वाजतंय म्हणते मी!"

"मशीनला काय कळतं?" हे वाक्य मी खरंच बोललो. पुढं कितीतरी दिवस ते आमच्या घरात वेगवेगळ्या आवाजांत म्हणून दाखवलं गेलं.

दहा मिनिटांत कूलर थांबला, पंखे थांबले, फॉगर थांबला. मोबाईलवर चौऱ्याहत्तर. मी डबीवर दोनदा चापट मारली. गोणपाटं हौदात बुचकळून बायको शेडच्या जाळीवर टाकायला लागली आणि भिंतीकडं तोंड करून तिनं हाक मारली, "बाई! जल्दी या!"

वहिनी आली, मागं दादा. दोघं दिवसभर घनसावंगीला गेले होते, नुकतेच आले होते. दादानं शेडमध्ये डोकं घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाला, "आमची बॅटरी तशीच पडेल आहे. वायर आण." मी लांब वायर आणली, भिंतीवरून टाकली. दादानं पलीकडं बटण दाबलं. पंखे फिरले, फॉगर फुसफुसला. आणि माझ्या हातातल्या मोबाईलवर, जिथं दिवसभर वापर जवळजवळ शून्य होता, तिथं आकडा टुणकन वर गेला.

मला शंका आली. शंका आल्यावर प्रयोग करायचा, ही सवय जुनी. "दादा, ते बटण एकदा बंद करून पहा बरं."

"हात लावू नका!" बायको असं ओरडली की दादानं दोन्ही हात वर केले.

मग मी वहिनीला म्हणालो, "वहिनी, तुमची गिरणी लावता का जरा? नुसती."

"आत्ता? आत्ता काय दळू?"

"काही दळू नका. नुसती लावा."

ती पुटपुटत गेली. गिरणी घरघरली. मोबाईलवर चार वाजताचा आकडा आला, माझ्या अगदी ओळखीचा.

मी काय झालं ते सांगितलं: कारखान्याचा पासवर्ड सगळ्या बॅटऱ्यांना एकच, आणि मी निवडल्या त्या दादाच्या. सांगणं भागच होतं. वहिनी गिरणी बंद करून आली आणि मोबाईलमध्ये वाकून बघत म्हणाली, "म्हंजी भावजी, आमची गिरणी तुमच्या मोबाईलमधी?"

दादा म्हणाला, "दहा दिवस आमची बॅटरी पाहू राह्यला व्हय तू? मला तरी सांगायचं, किती हाये ते."

बायको हसली नाही. ती कपाटापाशी गेली, दार उघडलं, पदराचं टोक ओलं करून चिठ्ठीवरचं कुंकू पुसलं आणि नंबर वाचून दाखवले. एकदा, आणि मग मी लिहून घेतले नव्हते म्हणून पुन्हा एकदा. "स्वस्तिक बाजूला बी काढता येतं," एवढं म्हणून ती शेडमध्ये परत गेली.

त्या संध्याकाळी मी दादाच्या बॅटऱ्या यादीतून काढल्या आणि आमच्या जोडल्या. कपाटाचं लोखंडी दार उघडं ठेवल्यावर त्यांच्याही रेघा भरल्या. मोबाईलवर आठ टक्के आले. शेड दादाच्या विजेवर गार होत होती, पण पत्र्याच्या कडेला, दाराजवळच्या दोन रांगांतले किडे मान टाकून पडले होते. बाकीचे जगतील की नाही, ते तिसऱ्या दिवसापर्यंत कळणार नव्हतं. ते तीन दिवस तिनं मला शेडमध्ये येऊ दिलं नाही. मी दाराबाहेर पाल्याच्या जुड्या सोडून ठेवायचो, ती आत न्यायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी आतला पाला कुरतडण्याचा आवाज कमी झाला. ती दाराशी आली. "चढू राह्यलेत," म्हणाली. किडे कोष विणायला जाळ्यांवर चढायला लागले होते.

"सगळे?"

"दाराकडचे सोडून."

दाराकडचे तिनं सुपात गोळा केले होते. सूप भरलेलं होतं. रोग पसरू नये म्हणून मेलेले किडे चुना टाकून पुरायचे असतात. मळ्याच्या बांधाला मी खड्डा खणला, तिनं सूप रिकामं केलं. चुन्याची पिशवी मी उचलायला गेलो, तर तिनं ती माझ्या हातातून घेतली आणि चुना स्वतः पसरून टाकला, कडेकडेनं, नीट. मग खोरं माझ्याकडं देऊन म्हणाली, "माती तुम्ही लोटा."