अप्पांनी न ऐकलेली एक गोष्ट

अप्पा गेले, त्यानंतरच्या जेवणाच्या दिवशी नात्यातले एक गृहस्थ मांडवात उभे राहिले आणि म्हणाले, "माणूस फार शांत. आयुष्यात कुणाला उलटून बोलला नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही. माझे वडील उलटून बोलायचे. थोरल्या भावाला बोलले, भर मांडवात बोलले, एकदा तर मलाही असं बोलले की आठवलं तरी मान खाली जाते. ते उलटून बोलले म्हणून आमचं घर टिकलं. गेलेल्या माणसाला गरीब गाय करून टाकायची ही रीत मला मान्य नाही.

उदगीरला आमचं भांड्यांचं दुकान. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. लग्नसराईत देगलूरकडून, कर्नाटकातून माणसं यायची आणि अप्पा एकाच गिऱ्हाइकाशी मराठी, कानडी, तेलुगू मिसळून घासाघीस करायचे. विकलेल्या भांड्यावर नाव टाकायचं मशीन त्यांच्याकडं होतं. त्याची घरघर ऐकतच आम्ही दोघी बहिणी वाढलो. अव्वा, म्हणजे आमची आई, दुकानात कधी यायची नाही. तिचं राज्य मागच्या खोल्यांत.

मी अकरावीला लातूरला होते, तिघी मैत्रिणी खोली करून. धाकटी बहीण सातवीत, उदगीरलाच. दिवाळी होऊन गेली होती. एका दुपारी भाकरी थापता थापता अव्वा परातीवरच कलंडली. लकवा. तेव्हा तिचं वय अडतीस. लातूरच्या दवाखान्यात तीन आठवडे काढले. जीव वाचला, पण उजवा हात-पाय गेला आणि वाचा गेली. एवढ्या बोलक्या बाईकडं दोन शब्द उरले, हाव म्हणजे हो, आणि न्हाई.

निघताना डॉक्टरीण बाईंनी अप्पांना सांगितलं, "यांना नुसतं पडू देऊ नका. सारखं काहीतरी विचारत राहा. हो-नाही तर हो-नाही."

अप्पांनी ते जसंच्या तसं धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अव्वाची खुर्ची दुकानात गल्ल्याशेजारी मांडली आणि तिला उचलून आणून बसवलं. गिऱ्हाईक घागरीचा भाव पाडून मागायला लागलं की ते वळून विचारायचे, "काय म्हणतीस? देऊ का?" अव्वा जरा थांबून म्हणायची, "न्हाई." गिऱ्हाईक गोंधळायचं. अप्पा म्हणायचे, "बघा, मालकीण न्हाई म्हणली. आता मी काय करू?" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. काही गिऱ्हाइकं तुटली. आजारी बाई समोर बसवून लग्नाची भांडी विकतो, हे त्यांना अशुभ वाटायचं. अप्पांनी खुर्ची हलवली नाही.

स्वयंपाक त्यांना येत नव्हता. पहिल्या दिवशीची भाकरी तव्यावर टाकतानाच मोडली. आम्ही ती दुधात कुस्करून खाल्ली. महिनाभरात मात्र त्यांचं धपाटं अव्वाच्या धपाट्याइतकं पातळ व्हायला लागलं. सकाळी दुकानाच्या पायरीवर उन्हात बसून ते तिची वेणी घालायचे. समोरचा दुकानदार एकदा म्हणाला, "शेट, हे काम आत बसून करा की." अप्पा म्हणाले, "आत ऊन येत न्हाई." आणि वेणी घालत राहिले.

मग काका आले. अप्पांचे थोरले भाऊ, निलंग्याला राहायचे. घराण्यात त्यांचा शब्द शेवटचा असायचा. मी त्या दिवशी लातूरहून आले होते. अव्वा मागच्या खोलीत पलंगावर होती. दार उघडंच होतं.

"किती दिवस भाकऱ्या थापून राहणार?" काका म्हणाले. "आमच्याकडं एक बाई हाय. नवऱ्यानं टाकलेली, गरीब. घर सांभाळंल. देवानं दिलं तर एखादा मुलगा होईल."

"अण्णा, माझी बायको आत हाय," अप्पा म्हणाले.

"तिला कुठं काढ म्हणतोय? राहील की एका कोपऱ्यात."

"कोपऱ्यात ठेवायला ती काय रांजण हाय?"

काकांचा चेहरा उतरला. घराण्यात कुणी त्यांना असं बोललं नव्हतं. ते म्हणाले, "मग पोरीला लातूरहून आण. घरी बसव. आईचं तीच करंल."

"पोरगी शिकंल," अप्पा म्हणाले. "तुम्ही जेवून जा. भाकरी मीच केलीय."

काका जेवले नाहीत. पिशवी उचलून बस स्टँडकडं गेले.

यापुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. काका गेल्यावर मी अप्पांवर ओरडले. मी सोळा वर्षांची होते. लातूरच्या वर्गात मी मागं पडत होते, सुट्टीत घरी आले की अव्वाचे कपडे, अव्वाच्या शौचाचं भांडं, अव्वाचा वास. मला माझं जुनं घर हवं होतं. मी म्हणाले, "आणा ना मग दुसरी! काका चूक काय म्हणाले? असं कसं जगायचं?"

अप्पांनी मला मारलं नाही. उघड्या दाराकडं बोट दाखवून ते हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या अव्वानं ऐकलंय सगळं. कान गेलेले न्हाईत तिचे. जा, आता तूच तिला इचार."

मी हलले नाही. त्यांनी माझं मनगट धरलं आणि पलंगापाशी नेऊन उभं केलं. "इचार."

ते तसेच धरून उभे. शेवटी मी विचारलं, "अव्वा, अप्पांनी दुसरी आणावी का?"

अव्वानं माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. तिचं तोंड एका बाजूला ओढलेलं असायचं, त्यामुळं ती हसतेय की रडतेय हे चटकन कळायचं नाही. ती म्हणाली, "हाव."

अगदी स्पष्ट. आणि मी खाली पाहत होते म्हणून डाव्या हातानं माझा हात हलवून पुन्हा, "हाव."

अप्पा पलंगाच्या कडेला बसले. मग तिला म्हणाले, "घागरीचा भाव तुझा ऐकतो. पोरींचं तुझं ऐकतो. भाजीत मीठ तुझ्या इचारानं टाकतो. हे मात्र ऐकणार न्हाई. काय करायचं ते कर." आणि उठून ते भाकरीचं पीठ मळायला गेले. मी अव्वाच्या पायाशी बसून रडले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवसापासून मी अव्वाचं कुठलंच काम तोंड फिरवून केलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात काकांच्या मुलीचं लग्न लातूरला होतं. निरोप आला, सगळे या, अव्वाला मात्र प्रवासाचा त्रास नको. निरोपाचा अर्थ लहान बहिणीलाही कळला. अप्पांनी अव्वाला विचारलं, "जायचं का?" ती म्हणाली, "हाव." त्यांनी तिला हिरवी साडी नेसवली. निऱ्या बहिणीनं घातल्या, कारण अप्पांच्या निऱ्या सुटायच्या. उदगीरच्या स्टँडवर भर गर्दीत त्यांनी तिला दोन्ही हातांवर उचललं आणि बसमध्ये चढवलं. कंडक्टर म्हणाला, "मामा, मागच्या दारानं..." अप्पा म्हणाले, "पुढनंच."

मंगल कार्यालयात काकांनी मागच्या बाजूची एक खोली दाखवली. "इथं पंखा हाय. तिला बरं पडंल."

"पंखा बाहेरबी हाय," अप्पा म्हणाले आणि खुर्ची उचलून पहिल्या रांगेत ठेवली. अक्षता पडल्या तेव्हा अव्वानं डाव्या हातानं टाकल्या. जेवणाच्या पंगतीत ते तिच्याशेजारी बसले आणि तिला घास भरवायला लागले. काका तरातरा आले. "सगळं पाव्हणं बघून राहिलं. लाज न्हाई?"

अप्पा उभे राहिले. हाताला वरण लागलेलं. सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "हिच्या हातचं वीस वर्षं खाल्लं, तेव्हा कुणी बघायला आलं न्हाई. आता बघू द्या."

पंगतीतल्या एक म्हाताऱ्या बाई सरकल्या आणि अव्वाच्या पानात स्वतःच्या हातानं तूप वाढलं. आम्ही शेवटच्या बसनं परत आलो. काकांशी बोलणं त्या दिवशी तुटलं.

मी बारावी झाले, नांदेडला नर्सिंगला गेले, तिथंच नोकरी लागली, तिथंच लग्न केलं. पेशंटच्या नातेवाइकांना मी आजही सांगते, विचारत राहा त्यांना. बहीण शिकून उदगीरलाच राहिली आणि दुकान बघायला लागली. अव्वा काठी धरून घरातल्या घरात चालायला लागली, पण शब्द दोनाचे तीन झाले नाहीत. अशी ती चौदा वर्षं जगली. ती गेल्यावर लोकांना वाटलं, अप्पा सुटले. ते सुटले नाहीत. एवढंसं झालं तोंड त्यांचं. त्यानंतर सहा वर्षांनी तेही गेले, सकाळी अंघोळ करून, लिंगपूजा आटोपून, बसल्या जागी.

आमच्या लिंगायतांत दहन करत नाहीत. बसवून माती देतात. अव्वाशेजारची जागा अप्पांनी आधीच सांगून ठेवली होती. काका आले, ऐंशीच्या पुढचे, दोन नातेवाइकांच्या खांद्यावर हात ठेवून. त्यांनी आपल्या मुलाला पुढं केलं. "हा उतरंल खड्ड्यात. पोरी उतरत न्हाईत."

मी म्हणाले, "काका, आम्ही दोघी उतरणार."

"आपल्यात असं झालेलं न्हाई."

"आज होईल."

कुजबुज सुरू झाली. विधी करायला आलेले स्वामी पुढं झाले. त्यांनी मला विचारलं, "तुमच्या गळ्यात लिंग आहे?"

"आहे."

"बहिणीच्या?"

"आहे."

"मग उतरा."

आम्ही उतरलो. वरून चौघांनी अप्पांना सोडलं, खालून आम्ही धरलं. बहिणीनं पाठ धरली, मी मांडी घालून दिली. गुडघे ताठ झाले होते, जोर लावावा लागला. डाव्या तळहातावर लिंग ठेवलं, भस्म लावलं, बेलाची पानं वाहिली. माती ओली होती. वर चढताना माझा पाय घसरला, तेव्हा चुलत भावानंच हात दिला आणि वर ओढलं. काका पाठ करून उभे होते.

त्यानंतर चुलत भावाचा फोन आला. म्हणाला, म्हाताऱ्यानं मनाला लावून घेतलंय, एकदा निलंग्याला येऊन माफी माग, सगळं मिटेल. मी त्याला म्हणाले, "काकांना भेटायला येईन. त्यांची तब्येत बघीन, औषधं बघीन, पाया पडीन. माफी मागणार नाही."

तो म्हणाला, "ये तू."

पुढच्या रविवारी मी आणि बहीण जाणार आहोत.