चहावरचा टॅक्स

"तुमच्या पेन्शनीत माझा साबन हाय, गुरुजी," असं म्हणत मावशी बिस्किटाचा अर्धा तुकडा माझ्या बशीत ठेवायची. आमच्या भिवंडीतल्या टपरीवर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की ते ऐकल्याशिवाय चहा गोड लागेना.

मी निवृत्त शिक्षक. मावशी यंत्रमागाच्या कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. जन्मभर तेच काम आणि पेन्शनच्या नावानं शून्य. पण साबण, तेल, काडेपेटी, सगळ्यावर आपण कर भरतो आणि त्यावर गुरुजींचं घर चालतं, हे तिनं पक्कं धरलं होतं.

"अहो मावशी, माझ्याही पगारातून कर कापायचे."

"मंग, तुमचा माघारी आला. माझा कुठं ऱ्हायला?"

मी फळ्यासमोर उभा असल्यासारखा तिला सगळं समजावून सांगायचो. ती निमूट ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा साबणावर यायची.

आमच्यात तिसरा होता काल्हेरचा शेठ. त्याच्या भातशेतीवर आता गोदामं उभी आहेत. एकदा तो म्हणाला, "मावशे, तरणी व्हतीस तवा साठवायचं व्हतं."

"साठवलं व्हतं. नवऱ्याच्या दम्यानं खाल्लं."

शेठ ओशाळला. मावशीनं मात्र तिथंच कायदा केला. "आजपासून चहावर टॅक्स. ज्याचं जास्त, त्यानं जास्त द्यायचं." सगळ्यांचा चहा शेठचा, भजी माझी आणि बिस्किटाचा लहान पुडा तिचा. पैसे द्यायच्या वेळी शेठला हमखास फोन यायचा आणि तो बोलत बोलत रस्त्याकडे सरकायचा. मग मावशी अख्ख्या नाक्याला ऐकू जाईल असं ओरडायची, "धरा त्याला, टॅक्स चुकवतोय!"

तिचा पुडा कधी चुकला नाही. एकदा मी म्हणालो, "उद्यापासून पुडाही मीच आणतो." ती दुखावलीच.

"मंग मी हितं कशाला येऊ? फुकट खायला?"

पुढं तिची बोटं आखडली. कांड्या सुटल्या आणि तिचं टपरीवर येणंही थांबलं. आम्ही वाट पाहिली आणि एका संध्याकाळी चहाची किटली घेऊन तिच्या खोलीवर गेलो. मावशी उंबऱ्यात बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"माझ्याकडं पुडा न्हाय."

शेठ खाली बसला आणि कपात चहा ओतू लागला. "मावशे, इतकी वर्सं तू टॅक्स भरलास न्हवं? आता ही तुजी पेन्शन."

मावशीनं डोळे पुसून कप घेतला, एक घोट प्यायली आणि म्हणाली, "साखर कमी हाय. तक्रार कुठं करायची?"

आम्ही तिघंही हसलो. मला तर रडूच येत होतं. त्यानंतर ती होती तोवर शेठ रोज स्वतः किटली घेऊन जायचा. त्या वेळी त्याला कधी फोन आला नाही.

मावशी गेली. टॅक्स चालू आहे. चहा शेठचा, भजी माझी. परवा टपरीवाल्यानं आपणहून बिस्किटाचा पुडा पुढं ठेवला. शेठनं तो हळूच परत सरकवला.

"नको. तो वाटा मावशीचा हाय."