न पिताच लाल

केनवडच्या इंद्रभानजींनी जन्मात दारूचा थेंब जिभेवर ठेवला नव्हता. पण ही गोष्ट त्यांच्या बायकोखेरीज गावात कोणी मानत नव्हतं. लोकांनी त्यांचा चेहरा पाहिला होता. आणखी पुरावा कशाला हवा?

चाळिशीच्या आसपास त्यांचा गोरा चेहरा तापायला लागला. आधी उन्हातून आलं की गाल लाल व्हायचे आणि घटकाभरात निवायचे. मग निवेनासे झाले. नाकावर बारीक लाल शिरांचं जाळं उमटलं, गालांवर पुळ्या आल्या, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागलं. शेजारचा पुंजाजी दर बाजाराला रिसोडहून निव्वळ बैलांच्या भरवशावर घरी पोचायचा. त्याने निदान केलं, "नाकावरून वळखू येते बाप्पा. इंद्रभान घरात बसून पेऊन राह्यला." या विषयात पुंजाजीचा शब्द मोडणारा गावात कोण होता?

ते कायदेभंगाचे दिवस होते. इंद्रभानजी पांढरी टोपी घालून रिसोडच्या दारूच्या दुकानासमोर भर उन्हात गिऱ्हाइकांना अडवायला, पिकेटिंगला उभे राहत. टोपी जितकी पांढरी, तितकं खालचं नाक लाल. बिचकणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार आतूनच धीर द्यायचा, "या, या, घाबरू नका. ते आपलेच हायेत. सकाळीच घेऊन उभे राह्यले."

औषधांच्या बाबतीत मात्र गाव उदार होतं. कोणी लिंबू-मीठ चोळायला सांगितलं. कोणी रक्त बिघडलंय म्हणून सुंठ-मिऱ्यांचा कढत काढा सुचवला. बायकोने, मनकर्णाबाईंनी, तो सकाळ-संध्याकाळ मायेने पाजला आणि इंद्रभानजींचं तोंड चुलीतल्या निखाऱ्यासारखं फुललं. मग कोणीतरी म्हणालं, हे लागण होणारं आहे. न्हाव्याने त्यांचा वस्तरा वेगळा ठेवला, पंगतीत दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा मिळू लागली.

अशात त्यांच्या मुलीला, रुपाला, आपल्या पोरासाठी पाहायला मानोऱ्याकडचे जानराव आले. घर चांगलं, शेती मोठी. जानरावांनी इंद्रभानजींना कडकडून मिठी मारली आणि ती बराच वेळ सोडली नाही. नाकाने जमेल तेवढा तपास करून घेतला. वास आला नाही, तरी त्यांची कळी खुलली. जेवणं झाल्यावर त्यांनी पिशवीतून बाटली काढली.

"इवाई, आता कायले लपवता? तुमचं तोंड पायलं अन् माह्या जिवात जीव आला. पोराले असाच सासरा पायजे होता, टोकनारा नाही."

"मी घेत नाही," इंद्रभानजी म्हणाले.

"हाव, मीबी घेत नाही," जानराव डोळा मिचकावून हसले. "पोरगाबी घेत नाही. आमच्या घरात कोनीच घेत नाही."

कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच इंद्रभानजींचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी बाटली परत पिशवीत ठेवली, हात जोडले आणि पाहुण्यांना वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, दारूपायी पोरीची सोयरीक मोडली. तसं पाहिलं तर यात खोटं काहीच नव्हतं.

रुपा मात्र वाचल्याच्या आनंदात होती. "बाबा, आता तरी डाक्तरले दाखवा," तिने हट्ट धरला. मनकर्णाबाईंनी नवऱ्याला बैलांच्या दमणीत घातलं आणि वाशीम गाठलं.

डॉक्टरांनी चेहरा पाहून आधी विचारलं, "किती घेता?"

"यायले ताकसुद्धा चढते डाक्तर," मनकर्णाबाई कडाडल्या, "अन् तुमी बी तेच इचारता?"

डॉक्टर ओशाळले. मग त्यांनी नाक, गाल, डोळे नीट तपासले. "याला रोझेशिया म्हणतात. चेहऱ्याच्या कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुलतात. पुष्कळांना होतो. दारूने भडकतो हे खरं, पण कधी न पिणाऱ्यालाही होतो. ऊन, कढत पिणं, तिखट, चुलीची धग यांनीही भडकतो. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. समूळ जाईल असं मी म्हणणार नाही, पण जपलंत तर आटोक्यात राहील. आणि ते लिंबू-मीठ आधी बंद करा."

इंद्रभानजी ते नाव पाठ करत घरी आले. पारावर सांगितलं. पुंजाजीने क्षणभर विचार केला. "रोजेशिया? नावातच रोज हाये. रोज घेनाऱ्यालेच होत असंन."

काढा बंद झाला. ठेचा ताटातून गेला. चहा थंड करून पिणं सुरू झालं, आणि उन्हात निघताना डोक्या-तोंडावर शेला आला. वैशाखात नाक अजूनही भडकायचं, पण दिवाळीपर्यंत गाल बरेच निवळले. पुळ्या गेल्या. रुपाचं लग्नही रिसोडातल्या एका साध्या घरात ठरलं.

गावाने लगेच निष्कर्ष काढला: सोडली! ज्यांनी त्यांना पिताना कधी पाहिलं नव्हतं, त्यांनीच आता सोडताना पाहिलं. दारूबंदी मंडळाला तर सोन्याची खाण सापडली. रिसोडच्या सभेत अध्यक्षांनी हात धरून त्यांना पुढे आणलं. "पहा हा चेहरा! व्यसनाच्या चिखलातून वर आलेलं हे कमळ!"

टाळ्या पडल्या. इंद्रभानजींनी टोपी सारखी केली. एक होकार दिला असता तर गावाने जन्मभर मान दिला असता.

"म्या सोडली नाही," ते म्हणाले. "म्या कधी धरलीच नव्हती. हा कातडीचा रोग हाये, एकाचा दुसऱ्याले लागत नाही, असं डाक्तरनं सांगतलं."

सभा पडली. लोक उठले. अध्यक्ष चिडून कानाशी म्हणाले, "थोडं खोटं बोलला असता तं चार मानसं सुधरली असती!"

मैदान रिकामं होताना बांगड्या विकणारी अमीनाबी जवळ आली. ओढणीआड तिचे गालही तसेच लाल होते.

"भाऊ, हे लागत नाही म्हने तुमचा डाक्तर? खरंच? बाया माह्या हातून बांगड्या भरून नाही घेत आता."

"नाही लागत, बाई. बसा."

ती टोपली ठेवून बसली. आणि इंद्रभानजींनी तिला उन्हापासून ठेच्यापर्यंत सगळं समजावून सांगितलं. एकेक गोष्ट दोनदा, कारण पहिल्यांदाच कोणीतरी ऐकून घेत होतं.